पूरक आहारातील विविधता (सातारा व सांगली जिल्हे)

बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत आईच्या दुधाबरोबर जे वरचे अन्न दिले जाते, त्यात किती प्रकारचे पदार्थ येतात याचे माप. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या निकषानुसार ६ ते २३ महिन्यांच्या बाळाच्या पोटात दिवसभरात आठपैकी किमान पाच अन्नगट जावेत : आईचे दूध, धान्ये व कंद, डाळी-दाणे-तेलबिया, दूध-दही, मांस-मासे, अंडी, अ-जीवनसत्त्वयुक्त फळे-भाज्या, आणि इतर फळे-भाज्या.

जन्मतः शरीरात असलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि नुसत्या दुधावर लोहाची गरज भागत नाही. वर्षभरात बाळाचे वजन जन्मवेळेच्या साधारण तिप्पट होते. पोट मात्र एवढेसेच, आठ महिन्यांच्या बाळाचे जेमतेम पाव लिटरचे. ते पातळ पेजेने भरले की बाळ शांत होते, पण वाढीला लागणारे त्यात फारसे नसते. म्हणून अन्न मऊ पण दाट हवे : चमचा कलंडला तरी लगेच ओघळणार नाही, इतपत.

या दोन्ही जिल्ह्यांत शिवारातल्या विविधतेला तोटा नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे भात आणि कॅल्शियमने समृद्ध नाचणी; माण, खटाव, आटपाडी, जतच्या दुष्काळी पट्ट्यात बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा; कृष्णाकाठी भुईमूग, सोयाबीन आणि भाजीपाला. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला तर भौगोलिक मानांकन आहे. वरणात कुस्करलेली भाकरी, त्यात शेवग्याच्या कोवळ्या पाल्याची चिमूट, दुपारी वाटीभर दही आणि आईचे दूध एवढ्यावर पाच गट भरतात. त्यासाठी बाजारात जावे लागत नाही.

अडते ते वाढताना. वरणाच्या पातेल्यातले वरचे पाणी बाळाला आणि खालची डाळ मोठ्यांच्या ताटात, ही वाटणी अजून घरोघर दिसते. ‘पचायचं नाही’ म्हणून अंडे वर्षभर लांबवले जाते; नीट शिजवलेले अंडे, बलकासकट, सहा महिन्यांनंतर चालते. माळकरी घरांत अंडे-मांस शिजत नाही. तिथे मोडाच्या कडधान्यांवर आणि पालेभाज्यांवर भर द्यावा लागतो व वर लिंबू पिळावे लागते, कारण वनस्पतींतले लोह अंगी लागायला क-जीवनसत्त्वाची जोड हवी. चहात बुडवलेले बिस्कीट नेमके उलटे करते : चहातले टॅनिन लोहाचे शोषण रोखते आणि गोडाने भूक मरते.

उष्टावणाचा विधी मामाच्या मांडीवर, खिरीच्या बोटाने होतो. मुलाचे सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात, असा रिवाज आहे. त्यामुळे मुलीचे वरचे खाणे कधी पाचव्या महिन्यात, कधी सातव्यात सुरू होते. शरीराला हा भेद ठाऊक नसतो. विधी केव्हाही करावा, खाणे मात्र सहा महिने भरताच सुरू व्हावे. मध वर्षाच्या आत अजिबात देऊ नये. तासगाव भागात हाताशी असणारी द्राक्षे आणि बेदाणे, तसेच अख्खे शेंगदाणे घशात अडकू शकतात. द्राक्षे उभी चिरून, दाणे कूट करून द्यावेत.

१९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाड्यांत बाळाची वजन-उंची नोंदवली जाते आणि सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरपोच आहार मिळतो. त्या पाकिटाला घरच्या जेवणाची जोड समजावे. अनेक ठिकाणी तेच जेवण ठरते. वयाच्या मानाने उंची कमी राहणे हे दीर्घकाळच्या अपुऱ्या पोषणाचे लक्षण आहे. त्यामागे वारंवारचे आजार आणि आईचे गरोदरपणातले कुपोषणही असते, नुसता आहार नव्हे.

गळीत हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची मुले या चित्रात सहसा नसतात. आई पहाटे फडात जाते, तान्हे कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, थोरल्या बहिणीजवळ राहते आणि सकाळची भाकरी-चटणी संध्याकाळपर्यंत पुरवली जाते. अंगणवाडीतले नाव गावाकडे, मूल इकडे. भाजी, दूध, अंडी भोवतालच्या गावांत मुबलक असूनही या बाळांच्या वाट्याला दिवसाकाठी दोन-तीन गटच येतात.