घरचं बी पेरलं तर केस होते का?

"घरचं बी राखून पेरलं नाहीतर शेजाऱ्याला दिलं तर कंपनी केस घालते" हा मेसेज रोहिणी नक्षत्र जवळ आलं की आपल्याकडं फिरतोच. भीती वाटणं साहजिकच, पिशवीवर बारीक इंग्रजीत काय छापलेलं असतंय ते कुणाला कळतंय.

पण 2001 चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा उलटंच सांगतो, म्हणजे बी राखा, पेरा, परत पेरा, अदलाबदल करा, वाटा, विका सुद्धा, वाण संरक्षित असला, म्हणजे या कायद्याखाली कंपनीच्या किंवा कुणाच्या नावावर नोंदलेला असला तरी. बंदी एकच, संरक्षित वाणाचं बी पिशवीत भरून वर त्या वाणाचं लेबल लावून विकायचं नाही. खानापूरकडं कुणी कणगीतलं भाताचं बी शेजाऱ्याला मापानं दिलं तर गुन्हा नाही, तेच बी वाणाचं नाव छापून पॅकिंग करून विकलं तर मात्र अडचण.

खात्री करायची तर कायदा नेटवर फुकट आहे, कलम 39, पोटकलम 1 मधला चौथा मुद्दा बघा, चार ओळीच आहेत.

हायब्रीड मक्याचं बी राखलं की पुढल्या वर्षी ताटं लहानमोठी येतात आणि उतारा पडतो ते खरंय, पण तो बियाण्याचा गुण झाला, कायद्याचा त्यात संबंध नाही.