टेलेक, जॉर्ज मामुआ

(जन्म १९५९). पापुआ न्यू गिनीतील तोलाई समाजाचे गायक व गीतकार. ‘टेलेक’ या एकाच नावाने ते अधिक ओळखले जातात. न्यू ब्रिटन बेटाच्या ईशान्य टोकाला, ब्लांश उपसागराच्या काठी वसलेले रालुआना हे त्यांचे गाव राबाउल शहरापासून फार दूर नाही. तोलाई समाजाची परंपरागत गीते, गिटार व युकुलेलेच्या साथीने गाइली जाणारी स्ट्रिंगबँड गाणी आणि विद्युत् वाद्यांवरील रॉक संगीत या तिन्ही प्रकारांत त्यांनी गायन केले असून, मेलानीशियाबाहेर (पापुआ न्यू गिनी व शेजारची पॅसिफिक बेटे यांच्या प्रदेशाबाहेर) ख्याती मिळविणाऱ्या मोजक्या गायकांत त्यांची गणना होते. त्यांची गीते मुख्यतः तोलाईंच्या मातृभाषेत आणि टोक पिसिन या देशाच्या व्यवहारभाषेत आहेत. मातृभाषेला ‘कुआनुआ’ म्हणण्याचा प्रघात मिशनऱ्यांनी पाडला. हे नाव शेजारच्या ड्यूक ऑफ यॉर्क बेटांवरील बोलीतून आले असावे, असे सामान्यतः मानतात. तोलाई स्वतः आपल्या भाषेला ‘तिनाता तुना’ म्हणजे ‘खरी भाषा’ म्हणतात व तेच नाव अधिक ग्राह्य होय.

टेलेक यांच्या संगीताचे वर्णन ‘परंपरा व आधुनिकता यांचा संगम’ असे करण्याची पद्धत आहे. मात्र त्यांच्या बालपणी गावात ऐकू येणारे स्ट्रिंगबँड संगीत आधीच मिश्र स्वरूपाचे होते, आणि त्याचा उगम वादग्रस्त आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी गिटार आणली व त्यातून ही शैली जन्मली, हे मत लोकप्रिय आहे. देशाच्या ज्या भागांत अमेरिकी तळ होते तेथे ते बऱ्याच अंशी लागू पडते. राबाउलच्या बाबतीत मात्र ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. कारण जानेवारी १९४२ पासून ऑगस्ट १९४५ मधील शरणागतीपर्यंत हे शहर जपानी सैन्याच्या ताब्यात होते, आणि दोस्त सैन्याने ते जिंकून घेण्याऐवजी वेढून बाजूला ठेवले होते. दुसरे मत मिशनकार्याकडे बोट दाखविते. जॉर्ज ब्राउन हे मेथडिस्ट मिशनरी १८७५ मध्ये फिजी व सामोआ येथील धर्मशिक्षकांसह या प्रदेशात आले, आणि त्यांच्यामागून आलेल्या प्रार्थनागीतांनी अनेक आवाजांत एकत्र गाण्याची रीत रुजविली. ही रीत आणि युद्धोत्तर काळात मळे, बंदरे व वसतिगृहे यांतून हिंडणाऱ्या तरुणांनी गावी आणलेली तंतुवाद्ये यांच्या मेळातून तोलाई स्ट्रिंगबँड घडला, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. १९६० च्या दशकात राबाउल येथील नभोवाणी केंद्रामुळे ही गाणी गावोगाव पोहोचली. गिटारच्या तारा नेहमीच्या पद्धतीने न जुळविता निरनिराळ्या स्वरांत जुळविणे, हे या शैलीचे तांत्रिक वैशिष्ट्य होय; अशा जुळणीला टोक पिसिनमध्ये ‘की’ म्हणतात, आणि एखाद्या गटाची ‘की’ हीच पुष्कळदा त्याची ओळख असते. अंगठ्याने खर्जाच्या तारेवर चाल धरली जाते, वरच्या तारा झणत राहतात आणि पुरुष ताणलेल्या उंच स्वरात गातात. टेलेक यांच्या गळ्यातील किंचित घासलेला, वरच्या पट्टीत रेंगाळणारा स्वर याच घडणीचा आहे.

या शैलीखालचा जुना थर म्हणजे तोलाईंचे विधिसंगीत. गारामुट हा पोकळ ओंडक्याचा, वर लांब चीर ठेवलेला ढोल आहे. तो टिपऱ्यांनी बडवीत नाहीत. काठी उभी धरून तिच्या टोकाने चिरेच्या काठावर ठोसे देतात आणि त्याचा नाद दूरवर जातो. कुंडू हा मध्ये निमुळता, हाताने वाजविण्याचा ढोल असून त्यावर बहुधा घोरपडीसारख्या सरड्याचे कातडे ताणलेले असते. गीतरचना ही केवळ कलाकारी मानली जात नाही. ‘बुआई’ या विद्येची साधना केलेल्या रचनाकाराला गीत व नृत्याची मांडणी आत्म्यांकडून, अनेकदा स्वप्नात, मिळते अशी समजूत आहे. अशा विद्येचा मोबदला ‘ताबू’च्या रूपात दिला जातो. ताबू म्हणजे वेताच्या पट्टीवर ओवलेल्या बारीक शिंपल्यांचे चलन. ते ‘पोकोनो’ या वावभर लांबीच्या मापाने मोजतात व वधूमूल्यासाठी आजही वापरतात. तुबुआन या मुखवटाधारी गुप्त पुरुषमंडळाची गीते तर सर्वांसमोर गाण्याचीही नसतात. परंपरेतून काय घ्यावे हा तोलाई गायकापुढील प्रश्न म्हणूनच निव्वळ आवडीनिवडीचा राहत नाही. त्यात हक्क व परवानगी यांचाही विचार येतो.

देश १६ सप्टेंबर १९७५ रोजी स्वतंत्र झाला तेव्हा टेलेक साधारण सोळा वर्षांचे होते. त्यानंतरच्या दशकात ते प्रथम मोआब स्ट्रिंगबँड या गटामुळे आणि पुढे पाइनिम वोक या रॉक गटामुळे नावारूपाला आले. ‘पाइनिम वोक’चा टोक पिसिनमधील अर्थ ‘काम शोधणे’ असा आहे. रोजगाराच्या आशेने शहरात आलेल्या त्या काळच्या तरुणांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे. हे दोन्ही गट गिटारचे असले तरी त्यांचे श्रोते व प्रसंग भिन्न होते, आणि टेलेक दोहोंत सहज वावरले. या काळात स्थानिक संगीत मुख्यतः ध्वनिफितींवर खपत असे. तो व्यवसाय राबाउलचा पॅसिफिक गोल्ड स्टुडिओ आणि पोर्ट मोर्झबीची चिन एच. मीन ही कंपनी यांच्याभोवती एकवटला होता.

कारकिर्दीला वळण देणारी घटना म्हणजे ऑस्ट्रेलियातील नॉट ड्राउनिंग, वेव्हिंग या गटाशी आलेला संबंध. या गटाचे प्रमुख डेव्हिड ब्रायडी १९८० च्या दशकाच्या मध्यास पापुआ न्यू गिनीत येऊन गेले होते. १९८८ मध्ये त्यांनी गटासह पॅसिफिक गोल्ड स्टुडिओत येऊन स्थानिक कलावंतांबरोबर ध्वनिमुद्रण केले. ते ताबारान (‘आत्मा’ किंवा ‘भूत’) या नावाने १९९० च्या सुमारास प्रसिद्ध झाले आणि मुखपृष्ठावर टेलेक यांचा स्वतंत्र उल्लेख आला. त्यातील ‘अबेबे’ हे गीत पुढे त्यांची ओळख बनले. त्याच सुमारास श्रीमंत देशांतील संगीतकार इतरांच्या संगीतावर प्रसिद्धी मिळवितात, अशी टीका जोरात होती. संगीताभ्यासक फिलिप हेवर्ड यांनी १९९८ मधील ग्रंथात हा व्यवहार तपशिलाने तपासला आहे. ध्वनिमुद्रण कलावंतांच्या गावाजवळ आणि स्थानिक स्टुडिओत झाले, त्यांच्या नावांना स्थान मिळाले आणि हा संबंध एका तबकडीपुरता न राहता दशकानुदशके टिकला, हे ध्यानात घेता त्याला केवळ उचलेगिरी म्हणणे कठीण आहे. असे मिश्रण देशाला सर्वस्वी नवे होते असेही नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पोर्ट मोर्झबीच्या राष्ट्रीय कला विद्यालयातून निघालेल्या सांगुमा या गटाने जॅझ-रॉकबरोबर पारंपरिक वाद्ये वाजविली होती. मात्र सांगुमाने सामग्री अनेक प्रांतांतून घेतली, तर टेलेक यांचा आधार एकाच भाषेत व एकाच उपसागराच्या काठी राहिला.

१९ सप्टेंबर १९९४ रोजी तावुर्वुर व व्हल्कन या ज्वालामुखींचा एकाच वेळी उद्रेक झाला. जुन्या राबाउलचा मोठा भाग राखेखाली गेला व प्रांताची राजधानी कोकोपो येथे हलली. ज्या शहरात ताबारान घडले ते त्या रूपात उरले नाही. टेलेक यांची टेलेक (१९९७) ही तबकडी यानंतरची. सिरियस टॅम (२०००) ही ब्रिटिश रॉक गायक पीटर गेब्रियल यांच्याशी निगडित रिअल वर्ल्ड या कंपनीने प्रसिद्ध केली आणि त्यांचे नाव युरोपातील श्रोत्यांपर्यंत गेले. आमेत्ते (२००४) व आकावे (२०१०) या त्यानंतरच्या तबकड्या होत. २०१६ मध्ये ब्रिस्बेन येथील कलादालनातील पापुआ न्यू गिनीविषयक प्रदर्शनात आ बित ना ता (‘सागराचा उगम’) ही दृक्‌श्राव्य कलाकृती मांडली गेली. तोलाई इतिहासकार गिडियन काकाबिन, कलावंत लिसा हिल्ली व ब्रायडी यांच्या सहकार्यातून ती साकारली. १८७५ ते १९७५ या शतकातील तोलाई इतिहास तोलाईंच्याच तोंडून सांगणाऱ्या या कृतीत टेलेक यांचा आवाज आहे.