२७ मोठे की २४? कॉलेज फुटबॉलमधल्या सॅकच्या विक्रमाची पार्श्वभूमी

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये सॅकचा, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडण्याचा, विक्रम कुणाचा, या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही छापलेली सापडतात. ॲलबामातल्या लाइनबॅकर या जागी खेळणाऱ्या एका बचावपटूच्या नावावर १९८८ च्या एका हंगामात २७ आणि कारकिर्दीत ५२ सॅक आहेत. राष्ट्रीय यादीत मात्र हंगामाचा विक्रम २४ चा आहे, ॲरिझोनातल्या एका डिफेन्सिव्ह एंडचा (बचावफळीच्या टोकाला खेळणाऱ्याचा), २००२ मधला. कारकिर्दीचा विक्रम ४५ चा. तो २०१८ मध्ये लुइझियानातल्या खेळाडूने केला. ॲलबामाचे आकडे विद्यापीठाच्या नोंदीत आहेत, पण राष्ट्रीय यादीत त्यांना जागा नाही. कारण एवढंच की बचावपटूंची वैयक्तिक आकडेवारी देशपातळीवर अधिकृतपणे ठेवायला सुरुवात झाली ती २००० च्या हंगामापासून.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण निव्वळ बचाव खेळणारा खेळाडू हाच मुळात उशिरा आला. १९४१ मध्ये बदली खेळाडूंवरची बंधनं सैल झाली आणि चढाईला एक संच, बचावाला दुसरा, ही पद्धत रुळू लागली. १९५३ मध्ये ती पुन्हा आवळली गेली आणि तेच अकरा जण दोन्ही बाजूंना खेळू लागले. १९६५ मध्ये मोकळीक मिळाली ती कायमची. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मोठ्या संघातून खेळण्याची सर्रास परवानगी मिळायला १९७२ उजाडलं. म्हणजे तोवर कारकीर्द जास्तीत जास्त तीन हंगामांची. चार हंगाम फक्त बचाव खेळून आकडे जमवणारा खेळाडू ही गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांतलीच गोष्ट आहे.

क्रिकेटमध्ये १८७७ च्या पहिल्या कसोटीतले बळीही अधिकृत धरले जातात. इथे १९८८ चे सॅक धरले जात नाहीत, तेव्हा चाहत्यांना ते खटकणारच. पण २००० पूर्वीची मोजणी कशी व्हायची हे पाहिलं की हात आखडता का घेतला ते कळतं. प्रत्येक विद्यापीठ आपापला हिशोब ठेवायचं. काही ठिकाणी प्रेस बॉक्समधून मोजणी व्हायची, काही ठिकाणी प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी फिल्म पाहून आकडे भरायचे. फिल्मवरून मोजताना खेळाडूंच्या ढिगाऱ्यात हात लावलेल्या प्रत्येकाला असिस्ट, म्हणजे मदतीचं श्रेय, देण्याचा मोह होतो, त्यामुळे टॅकलचे (प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचे) आकडे फुगतात. दोघांनी मिळून केलेला सॅक कुठे अर्धा-अर्धा वाटायचा आणि कुठे दोघांनाही पूर्ण द्यायचा, याला देशभर एकच शिस्त नव्हती.

आजची पद्धत घट्ट असली तरी पूर्ण निर्दोष नाही. मोजणी यजमान संघाचे कर्मचारी करतात. एक जण दुर्बिणीतून जर्सीचे क्रमांक सांगतो, दुसरा संगणकात भरतो. क्वार्टरबॅक पास करायच्या बेतात असताना, चाल जिथून सुरू होते त्या रेषेमागे पाडला गेला तर सॅक. तो ठरवून धावत होता असं दिसलं तर फक्त टॅकल फॉर लॉस, म्हणजे रेषेमागे पाडून यार्ड गमवायला लावणं. दोघांनी पाडलं तर प्रत्येकी ०.५. सॅक टॅकल फॉर लॉसच्या रकान्यातही मोजला जातो, म्हणून ते दोन आकडे एकमेकांत मिळवायचे नसतात. नवखे नेमके तिथेच चुकतात. खरी अडचण येते ती पास की धाव हे क्वार्टरबॅक चेंडू हातात आल्यावर ठरवतो अशा चालींत. तिथे त्याचा इरादा काय होता हे मोजणारा ठरवतो, आणि सॅक द्यायचा की नाही हेही त्यावरच ठरतं. आणखी एक खाचखळगा: कॉलेजमध्ये सॅकचे गमावलेले यार्ड पळून मिळवलेल्या यार्डांतून वजा होतात, व्यावसायिक लीगमध्ये पासच्या यार्डांतून. त्यामुळे चांगला पास-रशर (क्वार्टरबॅकवर चाल करून जाणारा बचावपटू) असलेल्या कॉलेज संघाचा चेंडू घेऊन पळणाऱ्यांविरुद्धचा बचाव कागदावर आहे त्याहून भक्कम दिसतो.

दुसरा वादाचा निर्णय बाउल सामन्यांचा. हंगामाअखेरचे हे सामने वैयक्तिक आकड्यांत मोजायला २००२ पासून सुरुवात झाली, आणि मागचे बाउल जमेस धरले गेले नाहीत. ॲरिझोनाच्या खेळाडूचे २४ सॅक १४ सामन्यांच्या हंगामातले आहेत. तीन हंगामांत त्याने ३६ सामन्यांत ४४ सॅक केले आणि तो व्यावसायिक लीगकडे गेला. लुइझियानाच्या खेळाडूला त्याला मागे टाकायला ५० सामने लागले, आणि निर्णायक अडीच सॅक आले ते डिसेंबर २०१८ मधल्या हवाईतल्या बाउलमध्ये. सामन्यामागे हिशोब केला तर ४४ वाल्याचा १.२२ येतो, ४५ वाल्याचा ०.९. यादी हा फरक सांगत नाही. विक्रम एकूण संख्येचा आहे, त्यामुळे ४५ वर आक्षेप घेता येत नाही. पण घातक कोण, याचं उत्तर ३६ सामन्यांवाल्याकडेच जातं.

सामन्यांची संख्या तर वाढतच गेली. १९७० पासून नियमित हंगाम अकरा सामन्यांचा करता येऊ लागला, २००६ पासून बाराचा. प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीचे बाद सामने, हा टप्पा २०१४ मध्ये चार संघांचा सुरू झाला आणि २०२४ मध्ये बारा संघांचा झाला. त्या मोसमात अंतिम फेरी गाठलेल्या दोन्ही संघांनी प्रत्येकी १६ सामने खेळले.

त्यात वर्षांचीही भर पडली. मूळ नियम पाच वर्षांत चार हंगाम असा. राहिलेलं एक वर्ष रेडशर्ट म्हणून बाकावर जायचं. २०१८ पासून रेडशर्टच्या वर्षातही चार सामन्यांपर्यंत खेळायला मुभा मिळाली, आणि त्या सामन्यांतले आकडे कारकिर्दीत धरले जातात. कोविडमुळे २०२० चा हंगाम कुणाच्याच चार हंगामांत मोजला गेला नाही. सॅक मात्र मोजले गेले. २०२१ मध्ये पहिल्यांदा संघ बदलताना वर्षभर बसण्याची अट गेली आणि त्याच वर्षी १ जुलैपासून नावाचे, जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले. त्यामुळे पूर्वी तिसऱ्या हंगामानंतर लीगकडे गेला असता असा मध्यम दर्जाचा पास-रशर आता पाचव्या, सहाव्या वर्षीही कॉलेजातच दिसतो, अनेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या विद्यापीठाच्या जर्सीत, आणि त्याचे सगळे सॅक एकाच बेरजेत जातात.