बदनाम शहरं आणि तिथे राहणारे

बदनाम गावचा माणूस आपल्या गावाला चार शिव्या स्वतःच हासडतो. रस्ते, पोलीस, पुढारी, चौकात टवाळक्या करणारी पोरं, कुणालाही सोडत नाही. पण त्यातलं एक वाक्य परक्याने उच्चारलं की त्याचा आवाज चढतो. ऐकणाऱ्याला हा दुटप्पीपणा वाटतो. शहरांच्या बदनामीचा इतिहास पाहिला तर मला तो सरळ हिशेब वाटतो. शहराची अपकीर्ती बहुतेक वेळा बाहेरच्यांनी लिहिली आणि तिचा भुर्दंड आतल्यांनी भरला. त्यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती हेही आतल्यांनाच ठाऊक असतं. म्हणून ते बदनामी पूर्ण नाकारू शकत नाहीत आणि पूर्ण मान्यही करू शकत नाहीत.

प्रकार जुना आहे. ग्रीसच्या उत्तरेला थ्रेसच्या किनाऱ्यावरचं अब्देरा हे ग्रीक नगर मूर्खांचं म्हणून प्रसिद्ध होतं आणि रोमन लेखकांनीही त्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. अणूची कल्पना मांडणारा डेमॉक्रिटस आणि तत्त्वज्ञ प्रोटागोरस हे दोघे त्याच गावचे, पण त्याने टोमणा थांबला नाही. अथेन्सकर शेजारच्या बिओशिया प्रांतातल्या लोकांना डुकरं म्हणत. पिंडार हा थोर कवी बिओशियाचा. त्याने एका विजयगीतात हा जुना टोमणा सरळ नाव घेऊन मांडला आहे आणि आपण त्यातून सुटलो का ते आता कळेल, असं म्हटलं आहे. ज्याची कीर्ती ग्रीसभर होती, त्यालाही गावावरचा शिक्का बोचत होता तर! बायबलमध्ये नाझरेथमधून काही चांगलं निघेल का, असं विचारणारा नथनेल हा गालीलातल्याच काना गावचा. म्हणजे नाकं मुरडणारा दूरच्या राजधानीतला कुणी नव्हता, शेजारच्या गावचा होता. हा शेजारी पुढे पुन्हा भेटणार आहे.

या काळातली बदनामी टोमण्यांपुरती होती. टोमणा खाल्ला, उलट टोमणा मारला, विषय संपला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती नकाशावर आली. चार्ल्स बूथने १८८९ मध्ये लंडनच्या गरिबीचे नकाशे छापायला सुरुवात केली. त्यांत एकेक रस्ता रंगवलेला होता आणि सर्वांत खालच्या काळ्या रंगाचा अर्थ दिला होता, दुर्गुणी आणि अर्धगुन्हेगार. बूथचा हेतू चांगला होता. गरिबीचं प्रमाण मोजून दाखवल्याशिवाय सरकार हलणार नाही, हे त्याला कळलं होतं. पण काळ्या रेषेवर राहणाऱ्या धुणेवालीला कुणी विचारलं नव्हतं.

अमेरिकेत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या गृहकर्ज महामंडळाने पुढच्या काही वर्षांत दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे केले आणि वस्त्यांना चार श्रेणी दिल्या. शेवटची श्रेणी लाल, म्हणजे जोखमीची. काळ्या लोकांच्या वस्त्या जवळपास सरसकट लाल झाल्या. तिथे घरासाठी कर्ज मिळणं दुरापास्त होतं. हे या नकाशांनी घडवलं की आधीपासून चाललेला भेदभाव त्यांनी फक्त रंगवून ठेवला, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. राहणाऱ्याला त्या वादाने फरक पडत नव्हता. कर्ज नाही म्हणून घराची डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून वस्ती खरोखरच खालावली, आणि मग लाल रंग बरोबरच होता असं म्हणायला लोक मोकळे झाले.

या काळात राहणाऱ्यांच्या मनाचा विचार फारसा कुणी केला नाही. तो बारकाईने झाला १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या, समाजशास्त्रज्ञ नॉर्बर्ट एलियास आणि जॉन स्कॉटसन यांच्या अभ्यासात. इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या एका उपनगरात दोन कामगार वस्त्या होत्या. उत्पन्न, शिक्षण, कामाचं स्वरूप यांत फारसा फरक नव्हता. फरक इतकाच की एक वस्ती जुनी होती, दुसरी नवी. जुन्यांनी नव्यांपैकी मोजक्या भांडखोर घरांवरून सगळ्या वस्तीचं नाव खराब केलं आणि स्वतःची ओळख आपल्यातल्या सज्जन घरांवरून ठरवली. नव्यांना याला उत्तर देता आलं नाही, कारण त्यांची आपसातच नीट ओळख नव्हती. शिवाय आपल्यात काही घरं वाईट आहेत हे त्यांना दिसत होतंच, त्यामुळे आरोप थोडासा पटतही होता.

पुढे लोइक वाकाँ या समाजशास्त्रज्ञाने पॅरिसजवळच्या ला कुर्नव्ह इथली मोठी वसाहत आणि शिकागोची काळ्यांची वस्ती यांचा अभ्यास केला. दोन्हीकडे पत्ता लपवणारी माणसं भेटली. आणि तो नथनेलही भेटला: आम्ही चांगले, खराब लोक त्या पलीकडच्या इमारतीत. बदनामीचा सगळ्यांत घातक परिणाम मला हाच वाटतो. एकत्र येऊन तक्रार करायची, तर शेजाऱ्याशी संबंध आहे हे आधी कबूल करावं लागतं.

जपानमधल्या मिनामाता शहरात हे सगळं सर्वांत तीव्रपणे घडलं. तिथे १९०८ पासून चिस्सो कंपनीचा कारखाना होता. गावचा रोजगार, कर, दुकानदारी सगळं त्यावर उभं होतं. अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवताना निघणारं पाऱ्याचं संयुग सांडपाण्यातून समुद्रात जाई, तिथून माशांत आणि माशांतून कोळ्यांच्या पोटात. १ मे १९५६ रोजी या विषबाधेतून होणाऱ्या रोगाची अधिकृत नोंद झाली. सुरुवातीला तो संसर्गजन्य आहे अशा समजुतीने रुग्णांच्या घरावरून जाणंही लोक टाळू लागले. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी पाऱ्याकडे बोट दाखवलं आणि कोळी कारखान्यावर चालून गेले. तेव्हा महापौर, नगरपरिषद, व्यापारी आणि कामगार संघटना यांनी एकत्र जाऊन प्रांताच्या गव्हर्नरकडे मागणी केली की सांडपाणी बंद करू नका, गाव बसेल.

सरकारने कारण मान्य केलं १९६८ मध्ये. तोपर्यंत शहराचं नाव रोगालाच चिकटलं होतं. बाहेरगावी शिकायला गेलेली मुलं आपलं गाव सांगायला कचरत. लग्न जुळवताना, नोकरी शोधताना तोच अनुभव. सत्तरच्या दशकात शहरात मोहीम निघाली, रोगाचं नाव बदला. दिसायला मागणी रास्त होती. पण रुग्णांना तिच्यात जुना सूर ऐकू आला: आमची पीडा ही गावाची अडचण. त्यांना नाव पुसायचं नव्हतं, जबाबदारी हवी होती, आणि मार्च १९७३ मध्ये न्यायालयाने ती कंपनीवर टाकली. दोघंही त्याच गावचे, दोघांनाही गावाच्या नावाचा त्रास, आणि तरीही एकमेकांसमोर उभे!

गाडी रुळावर यायला वीस वर्षं लागली. १९९४ च्या स्मृतिदिनी महापौर योशिई मासाझुमी यांनी शहराच्या वतीने रुग्णांची जाहीर माफी मागितली. त्याच सुमारास शहराने कचरा वीसच्या आसपास प्रकारांत वेगळा करायला सुरुवात केली आणि पुढे पर्यावरणाचं आदर्श शहर म्हणून मिनामाताची निवड झाली. २०१३ मध्ये पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय करारालाही मिनामाताचं नाव मिळालं. त्यावरही काही रुग्णगटांनी हरकत घेतली. आमचे दावे अजून लोंबकळत असताना हे नाव सन्मानासारखं मिरवू नका, असं त्यांचं म्हणणं होतं.

नाव बदलण्याचा मार्ग काहींनी शेवटपर्यंत नेला. अमेरिकेतल्या सेलम इथे १६९२ च्या चेटूक खटल्यांत एकोणीस जणांना फाशी झाली, एकाला दगडांखाली चिरडून मारलं. आरोपांची सुरुवात झाली सेलम व्हिलेजमध्ये, खटले चालले शेजारच्या सेलम नगरात. व्हिलेज १७५२ मध्ये डॅनव्हर्स या नावाने वेगळं झालं, आणि आज तिथे काय घडलं हे बहुतेक पर्यटकांना माहीतही नसतं. सेलमने उलटं केलं. पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवर बसलेली चेटकीण, शाळेच्या संघाचं नाव चेटकिणी. हल्ली एकट्या ऑक्टोबरमध्ये दहा लाखांवर लोक येतात, आणि गावची वस्ती पन्नास हजारही नाही. दुकानदार खूश असतात, बाकीचे गाडी कुठे लावायची म्हणून करवादतात. २००५ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका विनोदी चेटकिणीचा पुतळा उभा राहिला तेव्हा मात्र अनेकांना वाटलं की निरपराध माणसांना फासावर दिलेल्या गावात हे अती झालं. मला त्यांचं पटतं.

कॅनडात क्वेबेकमधल्या आस्बेस्टोस (म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस, फुप्फुसांना घातक ठरलेलं खनिज) या खाणगावाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १९४९ मध्ये तिथल्या आणि आसपासच्या सुमारे पाच हजार खाणकामगारांनी काही महिने संप केला. जीवघेण्या धुळीपासून संरक्षण ही त्यांची एक मागणी होती. क्वेबेकच्या आधुनिक इतिहासात हा संप मैलाचा दगड मानला जातो. जगाच्या कानाला विषारी वाटणारं ते नाव गावातल्या म्हाताऱ्यांसाठी आजोबांच्या लढ्याचं नाव होतं. खाण बंद पडली, गुंतवणूकदार नाव ऐकूनच मागे फिरतात असं नगरपरिषद म्हणू लागली, आणि २०२० मध्ये मतदान झालं. चौदा वर्षांवरील सर्वांना मत होतं, पण मतपत्रिकेवर जुनं नाव ठेवण्याचा पर्याय नव्हता. नव्या नावांची आधीची यादी लोकांनी नापसंत केल्यामुळे ती बदलावी लागली होती. पसंतिक्रमाच्या तिसऱ्या फेरीत ५१.५ टक्के मतांनी व्हाल-दे-सुर्स हे नाव निवडून आलं. एवढ्या निसटत्या कौलाला उत्साह म्हणता येणार नाही.

स्लाउ या इंग्रज गावाचा किस्सा त्या मानाने हलका. १९३७ मध्ये जॉन बेट्जमनने एका कवितेत त्या गावावर बॉम्ब पडोत अशी इच्छा व्यक्त केली, गाव पिढ्यान्‌पिढ्या ते ऐकत राहिलं, आणि त्याच्या जन्मशताब्दीला, २००६ मध्ये, मुलीने सांगितलं की वडिलांना ती लिहिल्याचा पश्चात्ताप होता.

चांगलं नावही बाहेरूनच लादलं जातं, याकडे मात्र कमी लक्ष जातं. वस्तरे घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या स्कॉटलंडमधल्या ग्लासगोने १९८३ मध्ये जाहिरातीची मोठी मोहीम काढली आणि १९९० मध्ये ते युरोपचं सांस्कृतिक शहर झालं. तेव्हा ‘वर्कर्स सिटी’ नावाच्या गटातल्या लेखक-कार्यकर्त्यांनी विरोध केला. गोद्या बंद पडत असताना हे रंगरंगोटीचं शहर कुणासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये २०१९ साली अमली पदार्थांचा तस्कर पाब्लो एस्कोबारची इमारत पाडून बळींचं स्मारक उभारलं, तेव्हाही एस्कोबारच्या नावाने चालणाऱ्या सहलींना विटलेल्या लोकांनी समाधान व्यक्त केलं आणि इमारत पाडून इतिहास कसा पुसणार, असं विचारणारेही निघाले.

डेन्मार्कने तर बदनामी थेट सरकारी केली. २०१० पासून सरकार दरवर्षी ‘गेटो’, म्हणजे समाजापासून तुटलेल्या, वस्त्यांची यादी जाहीर करू लागलं. बेरोजगारी, शिक्षण, उत्पन्न, गुन्हे हे निकष होतेच, त्यांत ‘पाश्चात्त्येतर’ वंशाच्या रहिवाशांचं प्रमाणही होतं. २०१८ च्या कायद्याने यादीत बराच काळ राहिलेल्या वस्त्यांमधली कुटुंबांसाठीची सार्वजनिक घरं २०३० पर्यंत एकूण घरांच्या चाळीस टक्क्यांपर्यंत कमी करायचं ठरलं. २०२१ मध्ये ‘गेटो’ हा शब्द वगळून ‘समांतर समाज’ असं नाव आलं, यादी मात्र राहिली. कोपनहेगनच्या म्योल्नरपार्कन वस्तीतल्या रहिवाशांनी २०२० मध्ये सरकारविरुद्ध दावा लावला आणि तो युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. आमची वस्ती निर्दोष आहे, हा त्यांच्या दाव्याचा मुद्दाच नव्हता. त्यांचा आक्षेप होता तो वंश बघून माणसं मोजण्याला आणि त्या मोजणीवरून घरं काढून घेण्याला.