स्पाइक मिलिगन

खरं नाव टेरेन्स ॲलन मिलिगन, पण त्या नावाने त्याला फारसं कोणी ओळखत नसे, लोकांसाठी तो स्पाइकच. ब्रिटिश कॉमेडीतला मोठा माणूस, लेखक, कवी, ट्रम्पेट वाजवणारा, आणि जन्मगाव म्हणाल तर आपलं नगर (आता अहिल्यानगर), १६ एप्रिल १९१८. वडील आयरिश, ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेत, त्यामुळे लहानपण पुण्याच्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये, मग रंगूनला, आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला घरचे सगळे इंग्लंडला गेले. २७ फेब्रुवारी २००२ ला राय गावाजवळच्या घरी किडनी निकामी होऊन गेला, वय ८३.

चाहत्यांच्या गप्पा मात्र जन्मापासून सुरू होत नाहीत, त्या थेट थडग्यापासून सुरू होतात. ईस्ट ससेक्समधल्या विंचेल्सी गावात सेंट थॉमस चर्चच्या आवारात त्याला पुरलंय. दगडावर काय लिहायचं हे त्याने आधीच सांगून ठेवलेलं: ‘सांगितलं होतं ना तुम्हाला, मी आजारी आहे म्हणून.’ चर्चवाल्यांना हे काही पटेना, पवित्र जागेत असला चावटपणा कशाला, काही काळ थडग्यावर दगडच नव्हता, शेवटी तोडगा निघाला की हेच वाक्य आयरिश भाषेत कोरायचं. म्हणजे इंग्लंडच्या एका जुन्या खेड्यातल्या दगडावर इंग्लंडमध्ये फारशा कोणाला न वाचता येणारा जोक, आणि तो बघायला लोक लांबून येतात. स्पाइकला हे मूळ जोकपेक्षाही जास्त आवडलं असतं असं मला वाटतं.

पण त्या वाक्यात खोटं काहीच नाही, तो खरंच आयुष्यभर आजारी होता. दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात होता, जानेवारी १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोच्या लढाईच्या वेळी मॉर्टरचा गोळा जवळ फुटला, जखम पायाला झाली पण डोकंही तिथेच हललं, वर बढती होती तीही काढून घेतली. नंतर १९५१ ते १९६० बीबीसी रेडिओवर ‘द गून शो’ हा विनोदी कार्यक्रम. सोबत पीटर सेलर्स आणि हॅरी सेकूम हे विनोदी नट, सुरुवातीला मायकेल बेंटाइनही, पण लिहायचं ओझं बहुतेक स्पाइकच्याच डोक्यावर, दर आठवड्याला अर्धा तास. १९५२ च्या शेवटी एक दिवस बटाटे सोलायची सुरी घेऊन सेलर्सला मारायला निघाला आणि तिथून हॉस्पिटलातच. पुढे आपल्या बायपोलर आजाराबद्दल (मन कधी अति उत्साहात, कधी खोल निराशेत जातं तो) तो उघड बोलायचा, १९९३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्याबरोबर डिप्रेशनवर पुस्तक काढलं, ज्या पिढीत पुरुष माणूस असलं काही घरातसुद्धा बोलत नसे त्या पिढीतल्याने हे केलं हे लक्षात ठेवायला हवं.

गून शोच्या साउंड इफेक्टचा एक किस्सा जुने श्रोते हमखास सांगतात. स्पाइकला कसलातरी पचकन् आपटल्याचा आवाज पाहिजे होता, म्हणून बीबीसीच्या कँटीनमधल्या बाईंकडे कस्टर्ड मागितलं. त्यांना वाटलं बिचाऱ्याचं पोट बिघडलंय, म्हणून त्यांनी मायेने छान करून दिलं. याने पायातला मोजा काढला, कस्टर्ड त्यात ओतलं आणि फळीवर आपटलं, बाईंच्या समोर.

म्हातारपणी तो अजूनच तिरसट झाला, पण लोकांना तो तसाच हवा होता. १९९४ च्या ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड्समध्ये जीवनगौरव मिळाला तेव्हा त्याचा पक्का फॅन असलेल्या प्रिन्स चार्ल्सचं पत्र स्टेजवर वाचत होते, आणि लाइव्ह टीव्हीवर मध्येच तोडून याने त्या राजपुत्राला लाळघोट्या म्हणून शिवी हासडली. नंतर विचारणा केली म्हणे, ‘आता सर वगैरे काही मिळत नाही ना मला?’ २००१ मध्ये नाइटहूड मिळालं, पण मानद, कारण साठच्या दशकात ब्रिटिश पासपोर्टसाठी निष्ठेची शपथ घ्या म्हटल्यावर याने सरळ आयरिश नागरिकत्व घेतलं होतं.

एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या वाचकाला खुपतेच. १९६९ च्या ‘करी अँड चिप्स’ या टीव्ही मालिकेत त्याने तोंडाला काळं फासून पाकिस्तानी कामगाराचं काम केलं, लिखाण जॉनी स्पाइटचं, तक्रारी आल्या आणि सहा भागांत बंद पडली. गून शोमध्येही लालकाका आणि बॅनर्जी अशी हिंदुस्थानी नकलांची पात्रं होती. नगर-पुण्यात वाढला म्हणून हे माफ, असं काही चाहते म्हणतात, मला पटत नाही, आवाज ओळखीचा असला तरी हसू कोणावर चाललंय हे कळतंच की.

बाकी आठवणी जागोजाग आहेत. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधलं पऱ्या आणि बुटक्यांनी भरलेलं एल्फिन ओक नावाचं कोरीव खोड मोडकळीला आलेलं, ते याने साठच्या दशकात खटपट करून दुरुस्त करवलं. लंडनच्याच फिंचली भागात, जिथे तो बरीच वर्षं राहिला, तिथे लोकांनी पैसे जमवून २०१४ मध्ये एका बागेत बाकडं बसवलं, त्यावर ब्राँझचा स्पाइक बसलाय आणि शेजारी जागा मोकळी, कोणीही जाऊन गप्पा मारायला बसावं. ‘निंग नँग नाँग’ ही त्याची निरर्थक बालकविता १९९८ च्या एका मतदानात ब्रिटनची सगळ्यात लाडकी विनोदी कविता ठरली.

हॅरी सेकूम २००१ मध्ये आधी गेला. तेव्हा स्पाइक म्हणाला होता की बरं झालं माझ्याआधी गेला, नाहीतर माझ्या अंत्यविधीला गायला असता. पुढच्या वर्षी लंडनमध्ये स्पाइकची स्मरणसभा झाली, तिथे सेकूमच्या गाण्याची रेकॉर्ड वाजवली.