मोठ्या लॉ फर्म घराण्यांच्याच हातात कशा राहिल्या

मे 2015 मध्ये अमरचंद मंगलदास ही देशातली सगळ्यात मोठी फर्म फुटली, सिरिल अमरचंद मंगलदास आणि शार्दूल अमरचंद मंगलदास अशा दोन झाल्या, आणि बहुतेकांनी ती दोन भावांच्या भांडणाची बातमी म्हणून वाचली. भांडण होतंच, आई भारती श्रॉफ 2014 मध्ये गेल्या आणि त्यांच्या हिश्श्याचा वाद पार मुंबई हायकोर्टात गेला. पण शेकडो वकिलांची फर्म एका घरातल्या मृत्युपत्रावर अडते कशी, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

मुंबईत सॉलिसिटर फर्म फार जुन्या, क्रॉफर्ड बेली तर 1830 ची. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात तिथे, सॉलिसिटर केस तयार करणार, काउन्सेल कोर्टात उभा राहणार अशी पद्धत, आणि पोरगा बापाच्या नाहीतर काकाच्या ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करून तिथेच चिकटणार. अमरचंद मंगलदासही 1917 ची, मुंबईचीच.

आता कायदा बघा. 1956 च्या कंपनी कायद्यात पार्टनरशिपमध्ये 20 पेक्षा जास्त पार्टनर चालत नव्हते, म्हणजे फर्म कितीही वाढली तरी खरी मालकी मोजक्या लोकांकडेच, बाकीचे नावाला पार्टनर आणि प्रत्यक्षात पगारावर. त्यात वकिलांचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलने जाहिरातीला बंदी घातलेली, त्यामुळे अशील यायचा तो ओळखीने आणि आडनाव ऐकून, मग ज्याचं आडनाव पाटीवर त्याचंच वजन राहणार ना.

हे सगळं लहान फर्मला चालून गेलं असतं. पण 1991 नंतर परदेशी कंपन्या आल्या, जॉइंट व्हेंचर, शेअर इश्यू, मर्जर यांचं काम धो धो आलं आणि ते करायला माणसं हवी होती. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली बॅच 1993 ला बाहेर पडली, पाठोपाठ बाकीची लॉ स्कूल आली, घरात कोणी वकील नसलेली हुशार पोरं थेट कॅम्पसवरून फर्ममध्ये जायला लागली, रात्र रात्र बसून डील क्लोज करायला लागली, आणि काही वर्षांनी त्यांना कळायचं की इक्विटी, म्हणजे फर्मच्या मालकीतला वाटा, काही मिळणार नाही. ही नाराजी अगदी रास्त होती असं मी म्हणेन. ट्रायलीगल 2000 मध्ये सुरू झाली ती तरुण वकिलांनी मिळून, नावात कुणाचंच आडनाव नाही आणि पार्टनरांचा वाटा ठरतो तो ज्येष्ठतेच्या पायऱ्यांवर.

बाहेरून स्पर्धाही नव्हती. नव्वदच्या दशकात व्हाइट अँड केस, अ‍ॅशर्स्ट वगैरे परदेशी लॉ फर्मना रिझर्व्ह बँकेने लायझन ऑफिसची, म्हणजे नुसत्या संपर्कापुरत्या ऑफिसची, परवानगी दिली होती, त्याविरुद्ध लॉयर्स कलेक्टिव्ह ही वकिलांची संस्था कोर्टात गेली आणि डिसेंबर 2009 मध्ये मुंबई हायकोर्टाने ती परवानगी चुकीची ठरवली. म्हणजे ऐन भरभराटीच्या काळात मालकांवर पद्धत बदलायचा दबाव बाहेरून आलाच नाही.

20 पार्टनरांची अट पुढे सुटली, आधी 2008 च्या एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) कायद्याने आणि मग 2013 च्या कंपनी कायद्याने, पण वाटा सोडायचा की नाही हे शेवटी मालकाच्याच मर्जीवर राहिलं. आता बार कौन्सिलने 2023 मध्ये परदेशी फर्मना कोर्टाबाहेरच्या कामापुरतं दार उघडलं, 2025 मध्ये त्या नियमांत दुरुस्त्याही केल्या. उद्या लंडनच्या फर्मने चांगल्या सीनियर असोसिएटला, म्हणजे पार्टनर न झालेल्या अनुभवी वकिलाला, बोलावलं तर त्याला थांबवायला नुसता पगार पुरणार नाही, इक्विटीच द्यावी लागेल.