सिरॅमिक पदार्थांची शीघ्रभार भंगचाचणी

ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड, बोरॉन कार्बाइड, सिलिकॉन नायट्राइड यांसारखे ठिसूळ सिरॅमिक पदार्थ काही मायक्रोसेकंदांत वाढणाऱ्या भाराखाली किती प्रतिबलाला (एकक क्षेत्रफळावर पडणाऱ्या जोराला) आणि कशा रीतीने फुटतात, हे ठरविण्याची चाचणी. रणगाड्याच्या चिलखतातील व गोळीरोधक जाकिटातील सिरॅमिक पट्ट्यांच्या अभिकल्पासाठी ही माहिती आवश्यक असते आणि साध्या दाबयंत्रावर सावकाश घेतलेल्या चाचणीतून ती मिळत नाही.

पितळेचा तांब्या पडला तर त्याला पोचा येतो. कपबशी पडली तर तिच्या ठिकऱ्या होतात. सिरॅमिकमध्ये आकार्य विरूपण, म्हणजे न फुटता कायमचा आकार बदलणे, जवळजवळ होत नसल्याने त्याचे बल (फुटण्यापूर्वी पेलता येणारे प्रतिबल) मुख्यत्वे आतील दोषांवर, म्हणजे भाजताना राहून गेलेली छिद्रे, कणांच्या सीमा आणि घासाई करताना पडलेल्या सूक्ष्म भेगा यांवर ठरते. ताणाचा भार सावकाश वाढविल्यास सर्वांत घातक दोषापासून भेग निघते आणि बाकीचे दोष जागचे हलण्यापूर्वीच नमुना दुभंगतो. भार झपाट्याने वाढविल्यास मात्र त्या भेगेला नमुना ओलांडायला वेळ पुरत नाही, कारण तिच्या धावेला रॅले पृष्ठतरंगाच्या, म्हणजे पदार्थाच्या पृष्ठालगत धावणाऱ्या तरंगाच्या, वेगाची वरची मर्यादा असते. तेवढ्यात इतरत्र प्रतिबल चढत जाते आणि एरवी निरुपद्रवी राहिले असते असे लहान दोषही उघडतात. म्हणूनच वेगवान भाराखाली पदार्थ अधिक बळकट भासतो आणि त्याचे तुकडेही अधिक बारीक होतात. दाबाखाली बलाचा विकृतीदराशी, म्हणजे नमुन्याची विकृती (लांबीतील सापेक्ष बदल) दर सेकंदाला किती वाढते त्याच्याशी, असलेला संबंध जेम्स लँकफर्ड यांनी टेक्सासमधील साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९७०–८० च्या दशकांत तपशिलाने अभ्यासला. कमी दरांना बल मंदगतीने वाढते, पण सेकंदाला सुमारे १,००० या विकृतीदराच्या आसपास ते एकदम चढू लागते.

चाचणीचे प्रमुख साधन म्हणजे विभक्त हॉपकिन्सन दंड. केंब्रिजचे बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी १९१४ मध्ये स्फोटाचा आणि बंदुकीच्या गोळीच्या आघाताचा दाब मोजण्यासाठी पोलादी दंड वापरला होता. दंडाच्या टोकाला चिकटविलेला छोटा तुकडा आघातानंतर किती संवेग घेऊन उडतो, यावरून ते तरंगाचा हिशेब मांडत. हर्बर्ट कोल्स्की यांनी १९४९ मध्ये दोन दंडांमध्ये नमुना ठेवण्याची कल्पना मांडली, म्हणून हे साधन कोल्स्की दंड या नावानेही ओळखले जाते. वायुतोफेतून सुटलेला आघातदंड पहिल्या दंडावर आदळतो, त्यातून दाबतरंग निघतो, नमुन्यापाशी त्याचा काही भाग परत फिरतो आणि उरलेला दुसऱ्या दंडात जातो. दंडांवर चिकटविलेले विकृतीमापक हे तिन्ही तरंग टिपतात. पार गेलेल्या तरंगावरून नमुन्यातील प्रतिबल निघते, तर परतलेल्या तरंगावरून विकृतीदर. खुद्द नमुन्याला हात न लावता, त्याच्या दोन्ही बाजूंच्या पोलादाकडून त्याची हकीकत काढून घेण्याचा हा प्रकार आहे.

धातूंसाठी निर्वेध चालणारी ही पद्धत सिरॅमिकच्या बाबतीत मात्र अडते. नमुन्याच्या दोन्ही टोकांवर पडणारा जोर सारखा असावा, हे तिचे गृहीतक आहे आणि त्यासाठी तरंगाने नमुन्यातून निदान तीन-चार फेऱ्या मारायला हव्यात. ॲल्युमिनात तरंग सेकंदाला सुमारे १० किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे ५ मिलिमीटरच्या नमुन्यात एका फेरीला अर्धा मायक्रोसेकंद लागतो आणि समतोलाला सुमारे दोन. नमुना साधारण १ टक्का विकृतीला फुटतो. सेकंदाला १,००० या दराने तेथे पोहोचायला १० मायक्रोसेकंद मिळतात, तेवढे पुरतात; दर १०,००० केला तर नमुना एका मायक्रोसेकंदात, समतोल येण्याआधीच फुटलेला असतो आणि आलेख कितीही देखणा दिसला तरी त्यावरून काढलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. या अडचणीवरचा उपाय साधा आहे. आघात होणाऱ्या टोकावर लहान बटणाएवढी मऊ तांब्याची चकती ग्रीसने चिकटवितात. ती चेपत जाते तसा तरंगाचा उभा कडा कलतो आणि भार चढणीसारखा चढतो. याखेरीज, सिरॅमिक पोलादापेक्षा कठीण असल्याने ते दंडाच्या तोंडात रुतते, कडेला प्रतिबल एकवटते आणि नमुना अकाली फुटतो. म्हणून मध्ये टंगस्टन कार्बाइडच्या चकत्या घालतात. नमुन्याची दोन्ही तोंडे काटेकोर समांतर घासलेली नसतील तर मात्र यांपैकी कशाचाच उपयोग होत नाही.

सिरॅमिकचे ताणातील बल दाबातील बलाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढेच असते. पण नमुना पकडीत धरून सरळ ओढणे अवघड, कारण पकडीपाशीच तडा जातो. त्यामुळे काँक्रीटसाठी १९४३ मध्ये पुढे आलेली ब्राझिली चकतीची पद्धत वापरतात: चकती व्यासाच्या दिशेने दाबली की ती मध्यरेषेवर आडव्या ताणाने उभी चिरते. लांब सळई घेऊन तिच्या मोकळ्या टोकावरून ताण बनून परतणाऱ्या तरंगाने ती तोडणे, हा दुसरा मार्ग. याहून तीव्र भारासाठी वायुतोफेने एक सपाट पट्टी दुसरीवर आदळवितात आणि मागच्या पृष्ठाचा वेग लेसरने मोजतात.

फुटलेल्या तुकड्यांच्या अभ्यासात एक खोट पुष्कळ काळ राहिली होती. पहिल्या तरंगानंतर दंडात मागेपुढे फिरणारे तरंग नमुन्याला पुन्हा पुन्हा ठोकत, आणि पारदर्शक पेटीत गोळा केलेला पांढरा चुरा नेमका कोणत्या ठोक्याचा, हे सांगता येत नसे. सिया नेमात-नासर व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये आघाताच्या टोकाशी संवेग अडविणारी रचना बसवून नमुन्यावर एकच तरंग पडेल अशी सोय केली; त्यानंतर अर्धवट तडकलेला नमुनाही अखंड हाती येऊ लागला आणि त्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून भेग कोठून निघाली ते शोधता येऊ लागले.